प्लेगची लस शोधणारे हाफकिन ह्यांचे चरित्र

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेत ज्या धर्मगुरूंनी येथे मळा लावला, ज्या धर्मभगिनींनी रुग्णांची सेवा केली आणि ज्या गृहस्थांनी आपल्या घामाचा पैसा देवालयाच्या भिंतींत घातला, त्यांचे स्मरण व्हावे हे योग्यच होय. आम्ही मात्र ह्या पानांवर अशा एका पुरुषाचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे की, जो आपल्या धर्माचा नव्हता व आपल्या देशात जन्मलाही नव्हता. वाल्डेमार हाफकिन हे त्याचे नाव. मुंबईत परळ येथे ज्या संस्थेस त्याचे नाव आहे, ती पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्या नावामागचा मनुष्य कोण व त्याच्यावर काय गुदरले, हे ठाऊक असणारे थोडे.

ह्या विषयाकडे वळण्यास आम्हांस एक कारण घडले. आपल्या धर्मग्रामातील कित्येक मुली व मुलगे आज जळगाव, धुळे, भुसावळ येथील रुग्णालयांत परिचारिकेचे किंवा प्रयोगशाळेतील काम करितात. आणि ज्या घरातील कोणीही रुग्णालयाची पायरी चढलेले नाही असे घर तर एकही नसेल. तरीही २०२० साली करोनाच्या साथीत आम्हांस काय ऐकावयास मिळाले? घरी मरण आले तरी चालेल, परंतु रुग्णालयात नको, कारण तेथूनच रोग जडतो, असे सांगणारी माणसे एक-दोन नव्हे, अनेक भेटली. ताप लपविला गेला, खोकला लपविला गेला. ह्या भीतीस केवळ अडाणीपणा म्हणून हिणविणे सोपे आहे. परंतु ती अगदीच निराधार नाही. जो हात रोग्यास बरा करावयास पुढे येतो, तोच हात अस्वच्छ असला तर मरण घेऊन येतो. हाफकिन ह्यांच्या आयुष्याची नौका नेमकी ह्याच खडकावर आपटली, आणि तीही दुसऱ्याच्या हातून.

ह्या गृहस्थांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. शिक्षण ओडेसाच्याच विद्यापीठात झाले. तेथे पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफ हे त्यांचे गुरू होते. त्या काळी रशियात यहुद्यांच्या वस्त्यांवर हल्ले होत. घरे लुटली जात, माणसे मारली जात. तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणार्थ उभे राहिले, जखमी झाले, तुरुंगातही गेले. पुढे विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळण्याचा योग आला, परंतु तिच्यासाठी यहुदी धर्म सोडून तेथील राजमान्य ख्रिस्ती पंथ स्वीकारावा लागला असता. त्यांनी ती जागा नाकारली. आमच्यासारख्या धर्मगुरूने ह्या गोष्टीची स्तुती करावी ह्याचे कोणास नवल वाटेल. पण पगारासाठी जो देवाचे नाव बदलीत नाही, त्याचा शब्द इतर व्यवहारातही खरा असतो, असा आमचा अनुभव आहे. हाफकिन ह्यांच्या बाबतीत तो पुढे पदोपदी प्रत्ययास येतो.

१८८८ साली ते स्वित्झर्लंडमध्ये जिनीव्हास गेले, व दुसऱ्या वर्षी पॅरिसला लुई पाश्चर ह्यांच्या संस्थेत. गुरू मेचनिकॉफ तेथे आधीच होते. परंतु संस्थेत जागा रिकामी होती ती ग्रंथपालाची तेवढीच. विद्वान मनुष्याने ती पत्करिली. दिवसा पुस्तके लावावी आणि उरलेल्या वेळी जंतूंचे प्रयोग करावे, असा क्रम चालला. त्यातून पटकीच्या रोगावरील लस निघाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. ताप आला, टोचलेल्या जागी दुखले, आणि काही दिवसांत ते बरे झाले. दुसऱ्याच्या मुलाबाळांस जे द्यावयाचे ते आधी आपण घ्यावयाचे, हा नेम त्यांनी तेव्हा धरिला व पुढे मोडला नाही.

१८९३ साली ते कलकत्त्यास आले. पटकीचे माहेरघर म्हणजे बंगाल. तेथे परक्या माणसाने सुई घेऊन झोपडपट्टीत शिरावे, हे सोपे काम नव्हते. एकदा जमावाने दगड मारण्यास आरंभ केला असता, त्यांनी सर्वांदेखत आपला सदरा वर करून स्वतःस लस टोचवून घेतली, असे सांगतात. १८९४ साली कलकत्त्यातील काटल बागान ह्या वस्तीत सुमारे २०० लोकांपैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे त्या वस्तीत पटकीची १० माणसे निघाली, त्यांतील ७ दगावली. आणि ती दहाही माणसे लस न घेतलेल्यांपैकी होती. दोन-सव्वादोन वर्षांत त्यांनी सुमारे ४२,००० लोकांस टोचले. हिवतापाने प्रकृती पोखरली तेव्हा १८९५ साली त्यांस विलायतेस जावे लागले. पण बरे वाटताच ते परत आले.

इतक्यात मुंबईवर मोठे संकट कोसळले. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातील एका रोग्यास पाहावयास डॉक्टर अकासियो व्हिएगास गेले. हे गोव्यातील हडफडे गावचे, आपल्याच कॅथलिक समाजातील. रोग्याच्या जांघेतील गाठ व ताप पाहून हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, होय असे त्यांनी ओळखिले व धीटपणे जाहीर केले. व्यापाराचे नुकसान होईल म्हणून ही वार्ता कोणास नको होती. हाफकिन ह्यांच्यासह इतर तज्ज्ञांनी तपासून ती खरी ठरविली. डॉक्टर व्हिएगास ह्यांनी पुढे स्वतःच्या हाताने हजारो लोकांस लस टोचली. त्यांचा पुतळा धोबीतलावाजवळ आहे. मुंबईस जाणाऱ्या आपल्या तरुणांनी तो एकदा पाहून यावे. अशा साथीत शुश्रूषा करणाऱ्यांस काय किंमत मोजावी लागे, हेही येथे सांगितले पाहिजे. पुण्यास सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करिता करिता स्वतः त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी वारल्या.

ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन मुंबईत दाखल झाले. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांस एक खोली व एक ओटी मिळाली; हाताखाली एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस सिद्ध केली. तिची रीत गृहिणींसही समजेल अशी आहे. मांसाच्या सारात प्लेगचे जंतू वाढवावयाचे; सारावर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे, म्हणजे जंतूंची वाढ त्या थेंबांखाली झुंबरासारखी लोंबू लागे; मग भांडे हलवून ती खाली पाडावयाची व पुन्हा वाढू द्यावयाची. पुरेशी वाढ झाल्यावर उष्णतेने जंतू मारावयाचे आणि मेलेल्या जंतूंचा तो अर्क टोचावयाचा. लोकांच्या धर्मभावना दुखवू नयेत म्हणून सारासाठी बकऱ्याचे मांस वापरले जाई, हे त्यांच्या विवेकाचे द्योतक होय. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी नेहमीप्रमाणे पहिली मात्रा स्वतःस टोचविली, व तीही पुढे इतरांस दिलेल्या मात्रेच्या कितीतरी पट मोठी.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. राजीखुशीने पुढे आलेल्या सुमारे निम्म्या कैद्यांस लस दिली. ज्यांनी घेतली नव्हती त्यांच्यापैकी १२ जणांस रोग झाला व ६ मेले. ज्यांनी घेतली त्यांच्यापैकी दोघे आजारी पडले व दोघेही वाचले. पोर्तुगीजांच्या दमण शहरी २,१९७ लोकांनी लस घेतली, त्यांपैकी ३६ मृत्यू पावले. न घेतलेले ६,०३३ होते, त्यांपैकी १,४८२ मेले. हे आकडे वाचून क्षणभर थांबावे. लस घेऊनही ३६ जण मेलेच, हे हाफकिन ह्यांनी कधी लपविले नाही. आपली लस रामबाण आहे असे न म्हणता ती धोका किती कमी करिते एवढेच ते सांगत, आणि त्यामुळेच लोकांचा विश्वास बसत गेला. आगाखान ह्यांनी आपल्या लोकांदेखत लस घेतली व हजारो खोजा मंडळी त्यांच्यामागे आली.

त्याच वर्षी पुण्यात सोजिरांकडून घरे झडविण्यात आली, रोग्यांस ओढून नेण्यात आले, आणि २२ जून १८९७ रोजी रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. जुलमाने केलेले आरोग्यही लोकांस रोगासारखेच वाटते. हाफकिन ह्यांचा मार्ग समजावणीचा होता.

आमच्या खानदेशातही हा रोग आगगाडीच्या रुळांवरून चालत आला. भुसावळसारखे मोठे जंक्शन, जळगावचा कापसाचा व्यापार, आणि १९०० साली चाळीसगावहून धुळ्यास आलेला लोहमार्ग; जेथे माणूस व धान्याचे पोते जाते तेथे उंदीर जातो, व उंदरासंगे पिसू. घरात उंदीर मरून पडू लागले की लोकांनी गाव सोडावे व शेतात झोपड्या बांधून राहावे, अशी तेव्हाची वहिवाट होती. आणि ती शहाणपणाची होती. आसोद्याच्या लेकी व जळगावच्या सूनबाई कवयित्री बहिणाबाई चौधरी ह्यांचा थोरला मुलगा ओंकार ह्यास प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नाही. ज्यांची ओवी आपण शाळेत शिकलो त्यांच्या घरातही तो रोग असा शिरला होता. मुंबईच्या प्रयोगशाळेतून १८९७ ते १९२५ ह्या काळात लशीच्या २ कोटी ६० लाखांहून अधिक मात्रा बाहेर गेल्या.

१८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात हलविली. ती इमारत मूळची जेसुइट धर्मगुरूंची. अठराव्या शतकात इंग्रज सरकारने ती ताब्यात घेतली, पुढे तेथे गव्हर्नर राहू लागले, आणि १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन ह्यांच्या पत्नी त्याच घरी पटकीने वारल्यानंतर गव्हर्नरांनी बिऱ्हाड मलबार हिलवर नेले. प्रार्थनेसाठी बांधलेले घर अखेर रोग्यांच्या उपयोगी पडले, ह्याचा आम्हांस विषाद वाटत नाही.

आता ज्या प्रसंगासाठी आम्ही हे चरित्र हाती घेतले तो सांगतो.

१९०२ साली पंजाबात प्लेगने कहर मांडिला व लशीची मागणी फार वाढली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी गुजरात नामक पंजाबी जिल्ह्यातील मुल्कोवाल ह्या गावी १०७ लोकांस लस टोचण्यात आली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. आठवड्याच्या आत त्यांपैकी १९ जणांस धनुर्वात झाला. जबडे मिटले, पाठीच्या कमानी झाल्या, आणि ते एकोणीसही जण मरण पावले. उरलेल्या ८८ जणांस काहीच झाले नाही. शोध करिता असे आढळले की, ते १९ जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाटलीचा क्रमांक ५३-एन.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली गेली. हाफकिन ह्यांनी लस लवकर तयार व्हावी म्हणून तिच्यात कार्बोलिक आम्ल घालण्याची जुनी पद्धत सोडून केवळ उष्णतेने शुद्ध करण्याची रीत घेतली होती, हे त्यांच्याविरुद्ध बोट दाखविण्यास पुरे झाले. बाटली प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष निघाला. हाफकिन ह्यांस कामावरून दूर केले गेले व १९०४ साली ते हिंदुस्थान सोडून गेले. ज्या मनुष्याने लक्षावधी लोक वाचविले तो एकोणीस जणांचा घातकी ठरला.

परंतु कागदपत्रांत एक साधी गोष्ट पडून होती. मुल्कोवाल येथे बाटलीचे बूच ओढून काढावयाचा चिमटा हाताखालच्या माणसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात थोडा हलविला, आणि त्याच चिमट्याने बूच काढिले. तो ज्योतीवर धरून तापविला गेला नाही. धनुर्वाताचे बीज मातीत व गुराढोरांच्या शेणात असते. ते इतके चिवट की, औषधी पाण्याच्या ओझरत्या धुण्याने ते मरत नाही. शिवाय बाटली उघडिली तेव्हा तिला काही दुर्गंधी आली नव्हती. धनुर्वाताचे जंतू तिच्यात प्रयोगशाळेपासूनच वाढत असते, तर घाण वास सुटल्यावाचून राहिला नसता. आणि वाढलेल्या विषाने रोगही आठवडाभर वाट न पाहता लवकर उठला असता. ह्या दोन्ही गोष्टी गावातल्या त्या चिमट्याकडेच बोट दाखवितात.

सत्य असे उघड्यावर असूनही ते मान्य होण्यास पाच वर्षे लागली. अहवाल छापून बाहेर आला तोच मुळी १९०६ च्या शेवटी. तेव्हा हिवतापाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस व विलायतेतील दुसरे पंडित पुढे सरसावले. जुलै १९०७ मध्ये दहा जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या टाइम्स पत्रात आले, आणि त्या वर्षअखेर सरकारने हाफकिन ह्यांस दोषमुक्त केले. ते यहुदी होते, रशियन होते व डॉक्टरकीची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. ह्यामुळे लष्करी वैद्यांच्या वर्तुळात ते परकेच राहिले, असे त्यांचे चरित्रकार म्हणतात. काहींनी ह्या प्रकरणास छोटे ड्रेफस प्रकरण असे नाव दिले. फ्रान्समधील त्या मूळ प्रकरणी एका निरपराध यहुदी सेनाधिकाऱ्यास देशद्रोही ठरविले गेले होते, आणि तेव्हा काही कॅथलिक वृत्तपत्रांनीही त्याच्यावर चिखलफेक केली होती. ती गोष्ट आपण झाकून ठेवू नये.

येथे आम्ही चरित्राचा धागा थोडा वेळ सोडतो, कारण वाचक विचारतील की, हे सारे जुने झाले, आता धनुर्वाताची व प्लेगची कोणास पर्वा? प्लेग व धनुर्वात हे जिवाणूंचे रोग. विषाणू ही वस्तू त्याहून पुष्कळ सूक्ष्म. हाफकिन ह्यांनी पटकीची लस स्वतःस टोचली त्याच १८९२ साली रशियात इव्हानोव्स्की ह्यांस तिचा पहिला सुगावा लागला. परंतु रुग्णालयात विषाणू ज्या वाटेने चालतो ती वाट मुल्कोवालच्या चिमट्याचीच आहे. १८८३ साली जर्मनीत ब्रेमेन येथील गोदीच्या १,२८९ कामगारांस देवीची लस टोचली, ती मानवी लसिकेपासून केलेली होती. पुढील महिन्यांत त्यांपैकी १९१ जणांस कावीळ झाली. १९४२ साली पीतज्वराच्या लशीत मनुष्याच्या रक्ताचा अंश मिसळलेला असल्यामुळे अमेरिकेच्या सुमारे ५०,००० सैनिकांस कावीळ उठली. आणि फार लांब कशाला, २००९ साली आपल्या शेजारच्या गुजरातेत मोडासा गावी तीच सुई पुन्हा पुन्हा वापरल्याने ब प्रकारच्या काविळीची साथ पसरली व अनेक माणसे मेली. ह्या काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात सात दिवसांपर्यंत जिवंत राहतो. दूषित सुई टोचली गेली असता, ज्याने लस घेतलेली नाही अशा शंभरांपैकी तीस जणांपर्यंत ही कावीळ जडू शकते; एड्सच्या विषाणूचा धोका त्याच्या शंभरावा भाग आहे. म्हणून रुग्णालयात काम करणाऱ्या आपल्या मुलींनी काविळीच्या लशीच्या तिन्ही मात्रा घेतल्या आहेत की नाहीत, हे आईबापांनी एकदा विचारावे. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवू नये, हाही नियम त्यांस पाठ असावा; बोटास सुई पुष्कळदा त्याच क्षणी लागते.

आमच्या लहानपणी गावचा कंपाउंडर काचेची पिचकारी व सुया एका डबीत घालून स्टोव्हवर उकळीत असे. गर्दी झाली की उकळी पुरी होण्याची वाट कोण पाहतो! आता एकदाच वापरून टाकावयाची सुई आली, हे मोठे सुख झाले. तरी दोष सर्व डॉक्टरांच्याच माथी मारू नये. आमच्या लोकांस सुई व सलाईन मिळाल्यावाचून औषध घेतल्यासारखे वाटत नाही. जो डॉक्टर गोळ्या देऊन पाठवितो तो डॉक्टरच नव्हे, असे पारावर बोलले जाते. जितक्या सुया निष्कारण टोचल्या जातात, तितक्या वाटा विषाणूस निष्कारण उघडतात.

दुसरी वाट श्वासाची. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत तरंगतो. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेस फुफ्फुसाच्या प्लेगची हाक उठली तेव्हा लाखो लोक ते शहर सोडून निघाले, त्यांत पोटासाठी तेथे गेलेली आपली खानदेशी कुटुंबे होती. त्या वेळी तोंडाला फडके बांधलेली माणसे आपण पाहिली, आणि २०२० साली पुन्हा पाहिली. मधल्या सव्वीस वर्षांत मात्र रुग्णास भेटावयास जाण्याची आपली रीत तशीच राहिली. एक आजारी पडला की वाडाभर मंडळी शिदोरी घेऊन निघते, खाटेवर बसते, लहान मूल रोग्याच्या अंगावर ठेविते. ह्यात माया आहे हे आम्ही जाणतो. पण खिडकी उघडी ठेवावी, दोघांहून अधिक आत जाऊ नये, सर्दी-खोकला असलेल्याने बाहेरूनच निरोप द्यावा, एवढे केले तर मायेत उणे पडत नाही.

आणि आम्हां धर्मगुरूंचे काय? आम्ही एका खाटेपासून दुसऱ्या खाटेपर्यंत जातो, पवित्र तेलात अंगठा बुडवून रोग्याच्या कपाळास व हातांस लावितो, आणि तोच अंगठा पुढच्या कपाळास जातो. पवित्र तेल जंतू मारीत नाही. म्हणूनच ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या हजाराव्या कलमात, अभ्यंग धर्मगुरूच्या स्वतःच्या हाताने व्हावे असे सांगून, गंभीर कारण असल्यास साधन वापरण्यास मुभा दिली आहे. प्रत्येक रोग्यास वेगळा कापसाचा बोळा घ्यावा व तो नंतर जाळावा, आणि आत शिरताना व बाहेर पडताना हात साबणाने चाळीस ते साठ सेकंद धुवावे. साबण साधा का असेना. करोनासारख्या विषाणूभोवती चरबीचे पातळ वेष्टन असते व साबण ते विरघळवून टाकतो. हातावर चोळावयाचे मद्यार्काचे द्रावण असेल तर वीस-तीस सेकंद पुरतात, परंतु माखलेल्या हातास ते चालत नाही. तेथे पाणीच हवे.

असो. हाफकिन ह्यांच्याकडे पुन्हा वळू. दोषमुक्त होऊन ते कलकत्त्यास परत आले. पण मुंबईची आपली प्रयोगशाळा त्यांस परत मिळाली नाही, व मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याचे कामही त्यांच्या हाती पुन्हा दिले गेले नाही. कागदावरचा डाग पुसला, मनातला कोणी पुसला नाही. वयाची पंचावन्न वर्षे होताच त्यांनी नोकरी सोडिली व ते युरोपात परत गेले. लग्न त्यांनी केले नाही. उतारवयात त्यांची आपल्या धर्मावरील निष्ठा अधिकच दृढ झाली. सब्बाथ व आहाराचे नियम ते काटेकोर पाळीत, आणि यहुदी परंपरेच्या समर्थनार्थ १९१६ साली त्यांनी एक निबंधही लिहिला. रस्त्याने जाताना ओळखणारे कोणी नव्हते. १९२५ साली मुंबईच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले, ही त्यांस कळलेली मोठी सुवार्ता. त्याच परळच्या घरी पुढे लहान मुलांस देण्याची पोलिओची लस तयार होऊ लागली, व आपल्या गावोगावच्या अंगणवाड्यांत मुलांच्या तोंडी पडलेल्या थेंबांपैकी कित्येक तेथूनच आले.

अखेरची वर्षे त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे घालविली. तेथेच २६ ऑक्टोबर १९३० रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते निवर्तले. आयुष्यभर साठविलेली सारी पुंजी त्यांनी पूर्व युरोपातील गरीब यहुदी मुलांच्या धर्मशिक्षणासाठी ठेविली होती. भारत सरकारने १९६४ साली त्यांचे चित्र असलेले टपालाचे तिकीट काढिले.